फ्रिजवरचा चुंबक, फळीवरचं पोतं, हवेतला चेंडू: कोणकोणती बलं दाखवायची?

प्रश्न
किराणा दुकानदार, खानापूर तालुका

नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याला माझं किराणा दुकान आहे. लेक नववीत शिकते, मराठी माध्यम. मागच्या आठवड्यात तिची विज्ञानाची चाचणी झाली. पाच चित्रं देऊन 'वस्तूवर कार्य करणारी बलं बाणांनी दाखवा' असं विचारलं होतं. टेबलावरचं पुस्तक, छताला टांगलेला दिवा, उतारावरची पेटी, वर फेकलेला चेंडू आणि रस्त्यानं चालणारा माणूस. दहापैकी तीन गुण पडले. दिव्याचे दोन, पुस्तकाचा एक. बाकी सगळं चूक.

गुण कमी पडल्याचं मला तेवढं लागलं नाही. पेपरभर लाल फुल्या होत्या आणि एकाही फुलीशेजारी चूक काय ते लिहिलेलं नव्हतं, ते लागलं. पोर विचारायला गेली तर 'गाईडात बघ' एवढंच उत्तर मिळालं. गाईडात आकृत्या तयार आहेत, पण बाण तिथंच का आला आणि दुसरीकडे का नाही, ते कुठंच नाही.

मी पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, कॉमर्स करून दुकानात बसलो. वीस वर्षं पोती उचलतोय, तेव्हा जोर म्हणजे काय हे हाताला कळतं. तो कागदावर कसा उतरवायचा ते कळत नाही. दोन रात्री शटर ओढून आम्ही बापलेक काउंटरवर तो पेपर पसरून बसलो. पुस्तकातली चित्रं तिला परकी वाटतात म्हणून मी दुकानातल्या वस्तू घेतल्या. दिव्याच्या जागी दोरीला टांगलेला केळीचा घड. तो तिला लगेच जमला, पृथ्वी खाली ओढते, दोरी वर ओढते, संपलं. पण पुढं गाडी अडली ती इथं:

पहिलं, चेंडू. तिनं वर जाणाऱ्या चेंडूला वरच्या बाजूला बाण काढून 'हाताचं बल' लिहिलं होतं. फुली. मलाही ते बरोबरच वाटत होतं. ती म्हणाली, "पप्पा, हातानं जोर दिला म्हणूनच गेला की वर. मग तो जोर खुट्टं गेला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुसरं, काउंटरवरची बरणी. गाईड म्हणतं टेबल वस्तूला वर ढकलतं. लाकूड आणि काच काय ढकलणार? ती नुसती आडवी येतात, असं मला वाटतं.

तिसरं, पोतं. टेंपोतून साखरेचं 50 किलोचं पोतं आम्ही फळी लावून घसरवतो. त्यावर तिनं चार बाण काढले. वजन, फळीचा रेटा, घर्षण आणि 'उताराचं बल'. हा चौथा खरा की खोटा?

चौथं पेपरात नव्हतं, तिनंच काढलं. आमच्या फ्रिजच्या दारावर गणपतीचा चुंबक आहे. "चुंबक दाराकडं ओढतो ते कळलं, पण ओढतो आडवा आणि पडायचं तर खाली. मग त्याला खाली पडू देत नाही ते कोण?"

मला सोडवलेली उत्तरं नकोत. कुठलीही वस्तू समोर आली तर कुठून सुरुवात करायची आणि कुठं थांबायचं, अशी काही रीत आहे का? तेवढी सांगा. पोरीला शिकवायचं आहे आणि मलाही शिकायचं आहे.


उत्तर
पीयूसी दुसरं वर्ष, सायन्स, टिळकवाडी

काका, मीसुद्धा दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. रीत वरिष्ठ मंडळी सांगतीलच. मी दोन गोष्टी सांगतो, ज्या मला कुणी वेळेत सांगितल्या असत्या तर अकरावीचं माझं पहिलं वर्ष सोपं गेलं असतं.

एक शब्दांची. पीयूसीला सगळं इंग्रजीतून येतं. बल म्हणजे फोर्स, घर्षण म्हणजे फ्रिक्शन, दोरीचा ताण म्हणजे टेन्शन, हे चटकन बसतं. पण फळी पोत्याला जे रेटते त्याला नॉर्मल फोर्स म्हणतात. नॉर्मल म्हणजे सामान्य, असं धरून मी कितीतरी दिवस त्याला 'नेहमीचं बल' समजत होतो. तिथं नॉर्मल म्हणजे काटकोनातलं. मराठीत आपण अभिलंब म्हणतो, त्यात तो काटकोन शब्दातच आहे. म्हणून लेकीला आत्ता मराठी शब्द पक्के करू द्या, पुढं ते उपयोगी पडतात. माझा बाकावरचा मित्र कन्नड माध्यमातला. त्याच्याकडंही बल, जडत्व हेच शब्द, घर्षणाला घर्षणे. वस्तुमानाला मात्र ते द्रव्यराशी म्हणतात आणि वजनाला तूक. आम्ही दोघं एकमेकांना आपापल्या भाषेत समजावूनच तो धडा शिकलो.

दुसरी गोष्ट बसची. खानापूरहून बेळगावला येताना ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की आपण पुढं जातो. तेव्हा पुढच्या बाजूला बाण काढू नका. पुढं ढकलणारं तिथं कुणीच नसतं. पाय बसच्या फरशीबरोबर थांबतात आणि वरचं अंग आधीच्या वेगानं जात राहतं, एवढंच. 'मी पुढं गेलो म्हणजे पुढं बल होतं' हीच चूक चेंडूत पण आहे.


उत्तर
निवृत्त विज्ञान शिक्षक, निपाणी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 31 वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. या धड्यात मुलं अडतात ती हुशारी कमी म्हणून नव्हे. आम्ही शिक्षक बाण आधी काढून दाखवतो आणि प्रश्न नंतर विचारतो, म्हणून अडतात. तुमच्या लेकीनं फ्रिजवरच्या चुंबकाबद्दल जे विचारलं तो या धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, हे तिला माझ्याकडून सांगा.

रीत सांगतो. ज्या वस्तूचा विचार करायचा ती एकटीच कागदावर काढायची. टेबल नाही, हात नाही, जमीन नाही. मग मनातल्या मनात त्या वस्तूच्या अंगावरून सगळीकडून बोट फिरवायचं. बोट जिथं दुसऱ्या कशाला तरी लागेल, तिथंच स्पर्शाचं बल असू शकतं. तो स्पर्श संपला की न शिवता ओढणारं कोण आहे ते बघायचं. रोजच्या वस्तूंत ती बहुधा एकटी पृथ्वी. चुंबक असेल तर चुंबक, आणि कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तसा विद्युतभार असेल तर तो. यापलीकडं काही नाही. आणि प्रत्येक बाणाशेजारी दोन नावं लिहायची, कोण आणि कोणावर. 'पृथ्वी, बरणीवर.' 'काच, बरणीवर.' ज्या बाणाला 'कोण' सापडत नाही तो बाण खोडायचा, मनाला कितीही पटत असला तरी.

आता चेंडू घ्या. हातातून सुटलेल्या चेंडूवरून बोट फिरवा. बोटाला काय लागतं? हवा. हात लागत नाही, तो खाली राहिला. मग 'हाताचं बल' लिहिणार तर 'कोण'मध्ये हात लिहावा लागेल, आणि हात तर चेंडूला शिवतच नाही. खोडा. उरली पृथ्वीची ओढ खाली आणि हवेचा थोडा विरोध, चेंडू जातो त्याच्या उलट दिशेला. क्रिकेटचा चेंडू सुमारे 160 ग्रॅमचा, म्हणजे पृथ्वी त्याला अंदाजे 1.6 न्यूटननं ओढते (न्यूटन हे बलाचं माप, एका किलोला पृथ्वी सुमारे 9.8 न्यूटननं ओढते). वर जाताना तेवढीच, क्षणभर थांबतो त्या टोकालाही तेवढीच, खाली येताना तेवढीच.

लेकीचा प्रश्न होता, जोर गेला कुठं. तिला सांगा, हातानं चेंडूला जोर बरोबर बांधून दिलाच नव्हता. हात चेंडूला शिवत होता तेवढ्या वेळात त्यानं वेग दिला. बल हे देणारा समोर असेपर्यंतच असतं. वेग मात्र चेंडूचा झाला, तो त्याच्यापाशी राहतो, आणि पृथ्वी तो क्षणाक्षणाला कमी करत आणते. तिला जे वाटलं ते फार जुन्या माणसांनाही वाटत होतं. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत बाणाच्या पहिल्या गतीचं कारण नोदन, म्हणजे ढकलणं, असं सांगितलं आहे आणि पुढच्या गतीचं कारण संस्कार, म्हणजे बाणात उरलेलं काहीतरी. युरोपातही शतकानुशतकं असाच काहीसा विचार होता. गॅलिलिओनं त्याला धक्का दिला आणि 1687 साली न्यूटनच्या ग्रंथात ते स्वच्छ मांडलं गेलं, की चालत राहायला बल लागत नाही, चाल बदलायला लागतं. म्हणून तिच्या त्या बाणावर नुसती फुली मारणं मला बरं वाटलं नाही.

बरणीचं. तुम्ही म्हणता काच आणि लाकूड नुसती आडवी येतात. तुमच्या काउंटरला वरून काच असेल आणि वर ट्यूबलाइट असेल, तर आज रात्री एक करा. काउंटरच्या एका बाजूला मान खाली घालून काचेत ट्यूबचं प्रतिबिंब बघा, आणि लेकीला दुसरीकडून काचेवर हलकेच तळवा दाबायला सांगा. हलकेच, काच आहे. प्रतिबिंब हलेल, जरा वाकेल. म्हणजे काच वाकली. तळवा काढला की जागेवर. दाबलेली काच परत सरळ व्हायला बघते आणि त्या नादात वरच्या वस्तूला रेटते, तुमच्या टेंपोच्या फळीसारखीच. फळीचं वाकणं डोळ्याला दिसतं, काचेचं दिसत नाही, एवढाच फरक. म्हणून हा रेटा वस्तूप्रमाणे कमीजास्त होतो. बरणीवर हात ठेवून दाबलीत तर काच जास्त वाकते, जास्त रेटते. 'अभिलंब बल वजनाइतकंच असतं' हे वाक्य मुलं पाठ करतात, ते आडव्या, उतार नसलेल्या पृष्ठभागावर वरखाली दुसरं काही नसेल आणि वस्तू स्थिर असेल तेव्हाच खरं.

पोतं मी आकड्यांनी सांगतो, कारण तुम्ही आकड्यांचा माणूस. टेंपोचा तळ जमिनीपासून पाऊण मीटर आणि फळी दीड मीटर धरली, तर उतार 30 अंशांचा होतो. 50 किलोच्या पोत्याला पृथ्वी 490 न्यूटननं सरळ खाली ओढते. या एकाच ओढीचा फळीच्या दिशेनं जाणारा हिस्सा निम्मा, 245 न्यूटन. फळीत रुतणारा हिस्सा सुमारे 424 न्यूटन. 'उताराचं बल' म्हणजे तो 245चा हिस्सा. उतार म्हणून कुणी वेगळा ओढणारा तिथं बसलेला नाही. वजनाचा बाण काढून वर आणखी उताराचा काढला, तर उधारीच्या वहीत एकच बिल दोनदा मांडल्यासारखं झालं. तेव्हा बाण तीनच. पृथ्वी, पोत्यावर, सरळ खाली. फळी, पोत्यावर, फळीला काटकोनात, 424. आणि फळीचंच घर्षण, पोत्यावर, वरच्या बाजूला. पोतं थांबलेलं असेल तर हे घर्षण बरोबर 245. तेवढं देण्याची फळीची ऐपत नसेल तर पोतं सुटतं. ताडपत्रीवरून का सुटतं आणि खरखरीत लाकडावर का अडतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता चुंबक. त्याच्यावर बलं चार. पृथ्वी खाली ओढते. दाराचं लोखंड त्याला आडवं आत ओढतं. दाराचा पत्रा त्याला आडवाच बाहेर रेटतो. हे दोन आडवे एकमेकांना सांभाळून घेतात. राहिलं वजन, त्याला सांभाळतं दाराचं घर्षण, वरच्या दिशेनं. म्हणजे चुंबकाला धरून ठेवतं ते घर्षण. चुंबकत्वाचं काम एवढंच की दाराशी घट्ट दाबून ठेवायचं, म्हणजे घर्षणाला पुरेसा जोर मिळतो. करून बघा. चुंबक आणि दार यांच्यामध्ये वहीचा एक कागद, मग दोन, मग तीन, असे वाढवत जा. आडवी ओढ कमी होत जाईल आणि एका कागदाला तो सरकून खाली येईल.

चालणाऱ्या माणसाचं थोडक्यात. पाय रस्त्याला मागं रेटतो, रस्ता पायाला पुढं रेटतो. माणसावर काढायचा तो बाण पुढचा. तुमच्याकडच्या पावसात, तांबड्या चिखलात पाय मागं का सटकतो ते आठवा. रस्त्यानं पुढं रेटायला नकार दिला की पाय मागं जातो.

एक शेवटचं, कारण इथं गाईडंसुद्धा घसरतात. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा रेटा ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची जोडी नव्हे. दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत. जोडीतली दोन बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. 'पृथ्वी, पुस्तकावर' याची जोडी 'पुस्तक, पृथ्वीवर'. नावं उलटी करा, जोडी मिळाली. तिच्या पुस्तकाचा एक गुण कदाचित इथंच गेला असेल.

तुमच्याकडं इलेक्ट्रॉनिक काटा असणार. हुकाचा काटाही मिळाला तर घरातला वरवंटा दोरीनं बांधून एकदा हवेत आणि एकदा पाण्यात बुडवून मोजा. तळाला टेकू देऊ नका. आणि तेव्हा बादली इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. आकडे इथं लिहा. आधी लेकीला विचारा की बादलीच्या काट्याचं काय होईल.


उत्तर
फाउंड्रीत काम, उद्यमबाग

दादा, गुरुजींनी सगळं सांगितलं. मी फक्त तुमच्या केळीच्या घडावर बोलतो, कारण दोरीच्या ताणानं मी एकदा मोठा धडा घेतला आहे.

नवीन असताना एका कारखान्यात चेनब्लॉकनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, कास्टिंग (ओतलेला धातूचा भाग) उचलत होतो. 200 किलोच्या आसपासचं. दोन बाजूला दोन स्लिंग, म्हणजे उचलायच्या दोऱ्या, लावल्या. मनात हिशेब असा की दोन दोऱ्या म्हणजे प्रत्येकीवर 100. पण स्लिंग आखूड, त्यामुळं दोन्ही फार फाकल्या, जवळजवळ आडव्या. जमिनीपासून वीतभर उचललं आणि एक स्लिंग तुटली. खाली कुणाचा पाय नव्हता, देवाची कृपा. स्लिंग खराब होती म्हणून मला बोलणी बसली. स्लिंग खराब नव्हती, कोन खराब होता, हे मला नंतर एका जुन्या फिटर मामांनी कागदावर काढून दाखवलं.

दोरी ओढते ती फक्त स्वतःच्या दिशेनं. सरळ उभी असेल तर सगळा जोर वर. तिरकी असेल तर थोडा वर आणि थोडा आडवा. आडवा जोर दोन्ही दोऱ्या एकमेकींविरुद्ध खर्च करतात, वजन उचलायला तो येतच नाही. म्हणून दोन उभ्या दोऱ्यांवर 100-100. प्रत्येक दोरी उभ्या रेषेपासून 45 अंश फाकली तर प्रत्येकीवर 141. 60 अंश फाकली तर प्रत्येकीवर पूर्ण 200. त्यापुढं तर एका दोरीनं उचललेलं परवडलं.

लेकीला हे दाखवायला दोन खिळे आणि शिवणाचा दोरा पुरे. दोऱ्याच्या मधोमध अर्धा किलोचं माप बांधा. दोरा सैल, खोल लोंबता असेल तर टिकतो. तोच दोरा खेचून सपाट करत गेलात की तुटतो. माप तेच, दोरा तोच. दोऱ्याचे बाण मात्र दोन काढायचे, दोऱ्याच्याच दिशेला तिरके. मुलं ते सरळ वर काढतात.


प्रश्नकर्त्याची नोंद
किराणा दुकानदार, खानापूर तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री आम्ही हेच केलं. आता जे झालं ते लिहितो.

ट्यूबलाइट आधी केली. काचेवर तिनं तळवा ठेवला आणि मी मान खाली घालून बघत होतो. ट्यूबची पांढरी पट्टी मधेच कमरेत वाकल्यासारखी झाली. हात काढला, सरळ. मग तिनं मला दाबायला लावून स्वतः बघितलं, पाच-सहा वेळा. ज्या काचेवर मी इतकी वर्षं बरण्या ठेवतोय ती प्रत्येक बरणीखाली वाकते, हे मला ठाऊक नव्हतं. आता गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून बोलत उभं राहिलं की माझी नजर ट्यूबच्या पट्टीवर जाते.

चुंबक नवव्या कागदाला सरकला. आमचा गणपतीचा चुंबक जरा जड आहे. दुसरा हलका होता तो बराच टिकला. तिनं वहीत चार बाण काढून शेजारी लिहिलंय, 'दार, चुंबकावर, घर्षण, वर.' हे लिहिताना ती जरा थांबली आणि म्हणाली, दार तीन वेळा आलं. लोखंडाची ओढ दाराची, रेटा दाराचा, घर्षण दाराचं. बरोबर आहे का सर? एकच 'कोण' तीन बाण देऊ शकतो?

आता वरवंटा. हुकाचा काटा शेजारच्या रद्दीवाल्या भाऊंकडून मागून आणला. हवेत वरवंटा 2.06 किलो. बादली पाण्यानं पाऊण भरून माझ्या काट्यावर ठेवली, 6.40 किलो. लेकीला विचारलं, वरवंटा पाण्यात सोडला, टेकू दिला नाही, तर बादलीचा आकडा काय होईल? ती म्हणाली, तेवढाच राहील, कारण वरवंटा तर तू हातानं धरलायस. मलाही तसंच वाटत होतं.

हळूहळू सोडला. पाण्याखाली जात गेला तसा हुकाच्या काट्यावरचा आकडा उतरत गेला आणि खालच्या काट्यावरचा चढत गेला. पूर्ण बुडाल्यावर वर 1.34, खाली 7.12. लेकीनं वजाबाकी आधी वरची केली, 0.72. मग खालची केली, 0.72. दोनदा तपासली. तिच्या तोंडातून शब्दच फुटेना. मग गुरुजींचं 'नावं उलटी करा' तिला आठवलं आणि तिनं मोठ्यानं म्हटलं, "पाणी वरवंट्यावर, वर. वरवंटा पाण्यावर, खाली." म्हणजे पाणी दगडाला जेवढं वर उचलतं तेवढंच दगड पाण्याला खाली दाबतो, आणि ते दाबणं बादलीतून माझ्या काट्यापर्यंत येतं. काट्याचा धंदा करून हे मी कधी बघितलं नव्हतं.

सर, एक शंका माझी. आमच्याकडं जुना दोन ताटल्यांचा तराजू होता, बाबांचा. तो आणि हा काटा एकच गोष्ट मोजतात का? पुस्तकात वजन न्यूटनमध्ये आणि मी आयुष्यभर वजन किलोत देतोय.


उत्तर
निवृत्त विज्ञान शिक्षक, निपाणी

आकडे वाचून फार आनंद झाला. 2.06 ला 0.72 नं भागा, 2.86 येतं. म्हणजे तो दगड पाण्याच्या 2.86 पट घनतेचा, आपल्या काळ्या पाषाणाला शोभेल असाच. लेकीनं घरच्या वस्तूंवर पाषाणाची घनता काढली, हे तिला सांगा.

दार तीन बाण देऊ शकतं, तिचं बरोबर आहे. फक्त एक बारकावा सांगतो. रेटा आणि घर्षण हे दोन्ही एकाच पृष्ठभागाच्या स्पर्शातून येतात, एक काटकोनात आणि एक पृष्ठभागाला लागून. आपण सोयीसाठी त्यांना दोन म्हणतो. चुंबकाची ओढ स्पर्शाशिवायही असते, कागद घातल्यावरही ती उरलीच होती.

तुमच्या बाबांचा तराजू वस्तुमान मोजत होता. एका ताटलीत माप, दुसरीत साखर, पृथ्वी दोन्हींना सारख्याच प्रमाणात ओढते, म्हणून ओढ कितीही असली तरी तराजू चुकत नाही. चंद्रावर नेला तरी एक किलो साखर एक किलोच्या मापाशीच बरोबर बसेल. तुमचा इलेक्ट्रॉनिक काटा मात्र साखर त्याच्यावर किती जोरानं रेलते ते मोजतो आणि 9.8 नं भागून किलोत दाखवतो. चंद्रावर तोच काटा एक किलोला अंदाजे एक षष्ठांश दाखवील. म्हणून बादलीचा खेळ त्याच्यावर जमला. त्यानं वाढलेला जोर मोजला आणि तो किलोत सांगितला. गिऱ्हाईकाला तुम्ही किलो देता ते वस्तुमान. रोजच्या बोलण्यात त्याला वजन म्हणायला काहीच हरकत नाही, पेपरात मात्र न्यूटन लिहायचं.

आता तिला पुढचं विचारा. दगडाऐवजी तरंगणारी वस्तू बादलीत सोडली, हात काढून घेतला, तर काटा किती वाढेल?


प्रश्नकर्त्याची नोंद
किराणा दुकानदार, खानापूर तालुका

सर, मी तिला विचारेपर्यंत तिनं मोबाईलवर तुमचं वाचलं होतं. स्वयंपाकघरातून पोळपाट घेऊन आली. आई आतून ओरडतेय, पीठ लागलंय त्याला. आधी काट्यावर ठेवला, 740 ग्रॅम. मग वहीत पोळपाट एकटाच काढला, बोट फिरवलं, 'पृथ्वी, पोळपाटावर, खाली', 'पाणी, पोळपाटावर, वर', आणि दोन्ही बाण सारख्या लांबीचे काढले. म्हणाली, तरंगतोय म्हणजे पाण्यानं पूर्ण उचललाय, मग तोही पाण्याला पूर्ण 740 नंच दाबणार. मी म्हटलं, लिही आकडा, मग सोडू.

तिनं लिहिला, 7.14. बादली 6.40 वर होती. पोळपाट सोडला, पाणी हललं, काटा 7.12, 7.15 असा वरखाली झाला आणि 7.14 वर थांबला.